मुक्ताची गाडी आणि माझं सीमोल्लंघन

मुलीकडे दसऱ्याला चालले आहे, असं मी गल्लीत सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पिशवीत भडंग, शेंगांची चटणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली आपट्याची पानं होती. मनात मात्र एकच गोष्ट होती: मुक्ताकडून शब्द घ्यायचा, की ती त्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणार नाही.

मुक्ता आमची एकुलती एक. नोएडात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वर्षभर ती एका जुन्या पांढऱ्या छोट्या गाडीच्या मागे लागली होती. आज इंजिन उघडलं, उद्या स्प्रिंगा बदलल्या, असं फोनवर ऐकू यायचं. मग एक दिवस म्हणाली, दसऱ्यानंतरच्या रविवारी ग्रेटर नोएडाच्या पुढे एक ट्रॅक आहे, तिथे हौशी लोकांना आपापली गाडी घड्याळ लावून पळवता येते, मी नाव दिलंय. "रेस नाहीये आई, टाइम ट्रायल आहे. एकेक गाडी सोडतात. बिल्कुल सेफ."

आमची सांगलीला पिठाची गिरणी आहे. पट्ट्यात पदर अडकलेली बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे फिरणाऱ्या यंत्राजवळ 'बिल्कुल' हा शब्द मला चालत नाही. त्या फोननंतर माझी झोपच उडाली. शेवटी हेच वैतागून म्हणाले, "इथे बसून काय घाबरतेस? जा आणि बघून घाबर." गिरणी सोडून दोघांना जाता येत नाही, म्हणून मी एकटी निघाले.

अष्टमी: नोएडा आणि फरीदाबाद

नोएडात पत्ता म्हणजे नुसते आकडे. सेक्टर अमुक, टॉवर तमुक, फ्लॅट अमुक. आपल्याकडे मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीला लागून, असं सांगता सांगता निम्मा गाव ओळखीचा होतो. इथे आकडा चुकला की माणूस गेला कामातून. मी मुक्ताच्या घराचा आकडा पदराच्या टोकाला बांधायचा तेवढा बाकी ठेवला होता.

सकाळीच शेजारच्या मल्होत्रा आंटींनी बोलावलं. अष्टमीला इथे घरोघरी लहान मुली जेवायला बोलावतात. त्यांचे पाय धुतात आणि पुरी, काळे चणे, शिरा वाढतात. आपल्याकडेही कुमारिका जेवू घालतात, पण इथे त्या दिवशी मुलींची टंचाईच होते. एकेकीला इतक्या घरचं आमंत्रण की शेवटच्या घरी पोचेपर्यंत पोरी पेंगायला लागतात. आंटींनी माझ्याही ताटात पुरी वाढली आणि गाडीचा विषय काढला. "बहनजी, आपकी बेटी ने इतना खर्चा किया और गाडी वैसी की वैसी! कम से कम पेंट तो करवा लेती."

मला वाटलं, चला, निदान एक तरी माणूस माझ्या बाजूचं निघालं.

दुपारी गाडी आणायला फरीदाबादला गेलो. कारखान्यांच्या मधल्या एका गल्लीत शाजीचं गॅरेज होतं. शाजी मूळचा केरळचा, मुक्ताला 'चेची', म्हणजे ताई, म्हणतो आणि मला त्याने लगेच 'अम्मा' करून टाकलं. गाडी दारातच उभी होती. बॉनेटचा रंग उन्हाने उडालेला, डाव्या दाराला पोचा. मी दोनदा गाडीभोवती फिरले.

"हिला केलंस तरी काय? ही तर होती तशीच आहे."

"तेच तर यार आई! दिसायला काहीच नाही केलं. सगळं आत आहे."

तिने दार उघडलं. आत मागची सीटच नव्हती. खालचा गालिचा नाही, गाणी ऐकायचे स्पीकर नाहीत, नुसता उघडा पत्रा. वजन कमी केलं की गाडी चपळ होते, असं ती मला उत्साहाने सांगत होती. मला मात्र एवढंच दिसत होतं की वर्षातून एकदा येऊन हे आणि मी जिथे बसतो, ती जागा तिने काढून टाकली आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. "सीट कुठाय?" एवढंच विचारलं. "माझ्या बेडरूममध्ये. तू रात्री जिच्यावर पिशवी ठेवलीस ना, तीच."

शाजीला माझा चेहरा कळला असावा. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि मला जवळ बोलावलं. चाकाच्या बारीक आऱ्यांमधून आतली पोलादाची चकती नव्या ताटासारखी चमकत होती.

"अम्मा, गाडी भगाना कोई बडी बात नहीं. रोकना बडी बात है. ये देखो, ब्रेक की डिस्क. सारा भरोसा इसी पे है."

त्या दिवसभरात माझ्या मनाला पटलेलं हे एकच वाक्य. परतताना फ्लायओव्हरचा प्रत्येक सांधा माझ्या मणक्याने मोजला, कारण नव्या स्प्रिंगा दगडासारख्या घट्ट होत्या. रस्त्याकडेला सातवीणीची झाडं फुलली होती आणि त्यांचा उग्र गोड वास धुरकट हवेत भरला होता. मी शब्दाचा विषय काढला. मुक्ता म्हणाली, "आई, सिग्नल सुटलाय, नंतर बोलू." हे 'नंतर' मला चांगलं ठाऊक आहे. तिच्या बाबांचंच आहे ते.

खंडेनवमी: नोएडा

दिल्लीकडे दसरा म्हणजे रावण. सोसायटीच्या मैदानात तो आडवा पडला होता, पोरं त्याला एकेक डोकं चिकटवत होती. आपल्यासारखी हत्यारांची, यंत्रांची पूजा इथे फारशी दिसली नाही. मुक्ताला सुट्टी नव्हती. लॅपटॉपला हळदकुंकू लावून घेतलं आणि ती निघाली. "गाडीची तू कर ना पूजा, मला मीटिंग आहे," म्हणाली आणि मेट्रोने ऑफिसला गेली.

आमच्या घरची एक रीत आहे. यंत्राच्या पत्र्याला कुंकू लावायचं नाही. जे फिरतं, त्याला लावायचं. सासऱ्यांपासून चालत आलेलं आहे. खंडेनवमीला गिरणी बंद ठेवून, धुऊन पुसून, मोठ्या पुलीवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतो. कोरडं कुंकू तिथे टिकत नाही.

तळघरातल्या पार्किंगमध्ये मी ताट घेऊन गेले. बॉनेटला झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला. मग शाजीचं बोलणं आठवलं. सारा भरोसा जिच्यावर, तिला सोडून पत्र्याला माळ घालण्यात काय अर्थ? मी खाली बसले आणि आऱ्यांमधून हात घालून पुढच्या डाव्या चाकाच्या चकतीवर तेलकुंकवाचं स्वस्तिक काढलं. उठून दिसेना, म्हणून पुन्हा बोट बुडवून ठसठशीत केलं. उजवं चाक खांबाला इतकं चिकटून होतं की हात जाईना, म्हणून तिकडे नुसतं फूल ठेवलं आणि तिकडचं राहिलेलं कुंकूही डावीकडेच लावलं. पहारेकरी बघत होता. "माताजी, अंदर क्यों लगा रही हो? बाहर लगाओ, दिखेगा." मी म्हटलं, "दिखने के लिए नहीं है."

हात जोडून मी एकच मागणं मागितलं, की ही पोरगी जिथे थांबायला हवी तिथे वेळेवर थांबू दे. घरी येऊन आडवी झाले तर कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

दसरा: पानिपतच्या वाटेवर

काला अंबला जायचा हट्ट माझा होता. दिल्लीपर्यंत येऊन मराठी माणसाने पानिपतच्या लढाईची ती जागा न बघता परतावं, हे मला बरं वाटत नाही. आणि आतली गोष्ट अशी, की तिथे मागितलेला शब्द मुक्ता मोडणार नाही असं माझं गणित होतं. दसऱ्याचं सीमोल्लंघनही आपसूक होणार होतं, कारण उत्तर प्रदेशातून निघून हरयाणाच्या हद्दीत शिरायचं. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "दुरुस्त केलेल्या गाडीची पहिली लांबची फेरी, आणि ती पानिपतला? दुसरं गाव सुचलं नाही का मायलेकींना?" मी हसले आणि फोन ठेवला.

पार्किंगच्या चढावरून वर आल्यावर मुक्ताने ब्रेक दाबला तेव्हा गाडीने उजवीकडे जरासा हिसका दिला. मी दाराची मूठ धरली. "काही नाही आई. नवे पॅड आहेत ना, शर्यतीचे. थंड असताना असंच करतात," ती म्हणाली. पॅड म्हणजे ती चकती दोन्ही बाजूंनी धरणारे ठोकळे, एवढं मला शाजीने दाखवलं होतं. ती पुढे सरळ रस्त्याला लागली आणि बराच वेळ जोरात ब्रेक दाबायची गरजच पडली नाही.

हायवेच्या दोन्ही बाजूंना भात कापलेली शेतं, कुठेकुठे पेंढ्याचा धूर, आणि ढाब्यांच्या पाट्यांवर पाट्या. मी शब्दाचा विषय कसा काढायचा याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून पेंढ्याने फुगलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर सरळ आमच्यापुढे आला. ना हात दाखवला, ना दिवा.

मुक्ताने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. कोणी दोरी लावून खेचावी तशी. उजवीकडून बस येत होती. तिचा भोंगा माझ्या कानात नाही, छातीत वाजला. मुक्ताने स्टीअरिंग डावीकडे दाबून धरलं होतं. बस आरशाला घासते की काय अशी निघून गेली. ट्रॅक्टरवाला मागे न बघता आपल्या वाटेने गेला. आमची गाडी रस्त्याकडेच्या मातीत येऊन थांबली. मी "अंबाबाई, अंबाबाई" म्हणत होते, हे मला गाडी थांबल्यावर कळलं.

मुक्ता उतरली आणि डाव्या चाकापाशी वाकली. जळक्या तेलाचा वास येत होता. चाकाच्या आतल्या कडेवर उडालेले थेंब तिने बोटाने पुसले आणि बोट माझ्यापुढे धरलं. लाल होतं.

"आई, हे काय आहे?"

"कुंकू."

"कशातलं?"

"तेलातलं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला समजलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मातीतच खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "ब्रेक घासून थांबतो, आई. तेल लागलं तर घासणार कसा? डावा लागलाच नाही. एकटा उजवा लागला."

हे मला तिने सांगायला हवं होतं का? पट्ट्याला तेलाचा हात लागला की पट्टा घसरतो, हे गिरणीत येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. पुलीवर आम्ही स्वस्तिक काढतो ते बाजूच्या अंगाला, पट्टा जातो तिथे कधीच नाही. माझ्या हाताला हे इतकं पाठ आहे की विचार करावा लागत नाही. पण त्या दिवशी तळघरात माझा हात गिरणीवालीचा नव्हता, घाबरलेल्या आईचा होता. काळजीने माझी अक्कलच खाल्ली. तिला वाचवायला म्हणून जे केलं, त्यानेच तिला बसखाली घालायला निघाले होते. मला रडू आलं, आणि मी रडले.

"चलो, रडून ब्रेक लागणार नाही," ती म्हणाली आणि माझं नाक तिच्या ओढणीने पुसलं.

पुढचा ढाबा जवळच होता. दिवे लुकलुकवत, अगदी पायी चालल्यासारखी गाडी तिथवर नेली. ट्रॅकवरून परत आल्यावर बसवायला म्हणून कंपनीचे जुने पॅड आणि चकती साफ करायचा फवारा तिने डिकीत ठेवलेला होता. ढाबेवाल्याने विचारलं, "मैडम, मिस्तरी बुला दूं?"

"नहीं भैया, मम्मी है ना," मुक्ता म्हणाली.

चाकं निवेपर्यंत पुढ्यात पराठे आले. वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एरवी मी दोन खाल्ले असते. त्या दिवशी माझं ताट मुक्ताकडे सरकवलं. मग तिने जॅक लावला. ब्रेकचा जड सांगाडा सुटला तेव्हा म्हणाली, "हा धर आई, खालच्या नळीवर भार येऊ देऊ नकोस." मी धरला. ती चकती फवारत होती, पुसत होती, पुन्हा फवारत होती; फडकं आधी लाल, मग गुलाबी, मग पांढरं निघेपर्यंत. दुसरं चाकही तिने उघडलं, कारण पॅड जोडीनेच बदलायचे असतात. इतका वेळ मी तिला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. एकही नट तिने घाईने आवळला नाही. आवळून झाल्यावर प्रत्येकाला पुन्हा हात लावून बघत होती, आणि मग मला म्हणाली, "आता तू बघ."

काला अंब

पोचायला दुपार कलली. मला वाटलं होतं तसं रणांगण वगैरे काही दिसत नाही. कुंपणाने वेढलेली बाग, मध्ये विटांचा स्तंभ, भोवती हिरवळ. इथेच एक आंब्याचं झाड होतं, त्याचा रंगच काळवंडला होता, असं सांगतात. सोलापूरचं एक कुटुंब आलं होतं. त्यातले आजोबा चप्पल काढून स्तंभापाशी वाकले आणि माती कपाळाला लावली. मी त्यांना आपट्याचं पान दिलं. एवढ्या लांब सोनं मिळाल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले.

आम्ही दोघी हिरवळीवर बसलो. शब्द मागायची जागा आली होती, पण मागायला तोंड कुठे होतं?

मुक्ताच म्हणाली, "आई, मी रविवारी नाही जात."

मी तिच्याकडे वळले.

"मला एकटीला काही वाटलं नसतं. पण बाजूला तू होतीस. बस तुझ्या बाजूने आली असती तर? मला अजून तोच भोंगा ऐकू येतोय." तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "सोड. विकून टाकते गाडी."

ज्या एका गोष्टीसाठी मी सांगलीहून आले, ती न मागता ओंजळीत पडली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट आतून काहीतरी तुटलं. मघाशी एकेक नट दोनदा तपासणारी पोरगी आणि ही थरथरणारी, यांतली कुठली मला घरी न्यायची आहे? माझी भीती मी तिच्या अंगात ओतली होती, आणि ती तिथे टिकली तर जन्मभर टिकेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. गिरणीत तो अपघात झाला त्यानंतर मी दोन महिने पट्ट्याजवळ गेले नव्हते. ह्यांनी हाताला धरून उभं केलं नसतं, तर कधीच गेले नसते.

"ऊठ," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर हायवेला समांतर एक मोकळा सर्व्हिस रोड लागला. पुढेमागे चिटपाखरू नव्हतं. मी तिला गाडी तिकडे घ्यायला लावली.

"आता पळव आणि जोरात दाब."

"अच्छा, टेस्ट? ठीक आहे. पण तू उतर आधी."

"मी बसते."

"आई, प्लीज."

"मीच लावलं होतं ना ते? मग मीच बसणार."

तिने पळवली. काटा वर गेला, पाठ सीटला चिकटली, डोळे मिटायची फार इच्छा झाली. मग तिने ब्रेक दाबला. सीटचा पट्टा छातीत रुतला आणि गाडी थांबली. सरळ. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. "अजून एकदा," मी म्हटलं. असं किती वेळा केलं ते आता आठवत नाही. तिची बोटं हळूहळू स्थिर झाली, एवढं मात्र मी बघितलं.

"रविवारी जा," मी म्हटलं.

"शुअर आहेस?"

"नाही. अजिबात नाही. तरी जा."

रविवार: ट्रॅकवर

शनिवारी शाजीने शर्यतीचे नवे पॅड बसवून दिले. हकिकत ऐकून त्याने कपाळावर हात मारला, मग बराच वेळ चाकामागे तोंड लपवून हसला. मी त्याला हसू दिलं. माझी लायकीच ती होती.

ट्रॅकवर रंगीत, झगमगीत गाड्या होत्या. मागे पंख लावलेल्या, खाली निळे दिवे सोडलेल्या. त्यांच्यात आमची पोचा आलेली पांढरी गाडी म्हणजे लग्नात घरच्या साडीत आलेली बाई. कोणी तिच्याकडे वळूनही बघत नव्हतं. मुक्ताने हेल्मेट घातलं. मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं, "डबा खाल्लास ना?" एवढंच तोंडातून निघालं. हेल्मेटच्या आत ती हसली असावी.

मी प्रेक्षकांच्या कठड्यापाशी उभी राहिले. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "सुटली का?"

"सुटली."

समोर लांबलचक सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी वळण. आधी आवाज आला, मग ती आली, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट वेगात. वळण जवळ येत होतं आणि ती काही थांबायचं नाव घेईना. मी डोळे मिटले नाहीत. तेवढं मी स्वतःशी ठरवून आले होते.

मागचे लाल दिवे लागले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ मंद होत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली.

"काय झालं? बोल की!" हे तिकडून ओरडत होते.

"ब्रेक लागला," मी म्हटलं, "थांबा, पुन्हा येतेय," आणि कठडा दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून फोन बंद केला.